माफ केलं म्हण ना

शबे-बरातच्या संध्याकाळी आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर माफीचा पूर येतो. ‘जाने-अनजाने में मुझसे किसी का दिल दुखा हो तो अल्लाह के वास्ते मुझे माफ कर दें’, खाली हात जोडलेले, एक मशीद, एक चंद्र, कधीकधी गुलाबाचं फूल पण. फॅमिली ग्रुपवर येतो, शाळेच्या ग्रुपवर येतो, कोंढव्यातल्या आमच्या सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर येतो, आणि एकदा तर गॅसवाल्यानं मला पाठवला होता, ज्याच्याशी ‘सिलेंडर कधी येणार’ यापलीकडे माझं आयुष्यात काही बोलणं झालेलं नाही. मी पण त्याला ‘आमीन, आपको भी’ असं काहीतरी पाठवून दिलं. आता माफीला आमीन कसं म्हणायचं देव जाणे, पण सगळे तसंच म्हणतात.

हे का होतं ते मला माहितीये. शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे शबे-बरातला, अल्लाह सगळ्यांना माफ करतो, फक्त शिर्क करणारा, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्या कुणाला भागीदार मानणारा, आणि मनात कीना धरून बसलेला, म्हणजे कुणावर डूख ठेवणारा, हे दोघं सोडून, अशी एक रिवायत सांगतात. ती कितपत पक्की यावर आलिमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांमध्ये, वाद आहेत, रात्र जागवायची की नाही यावरही आहेत, आमच्याकडे तर घराघरात आहेत. अम्मी चण्याच्या डाळीचा हलवा करते, माझा भाऊ म्हणतो याला काही आधार नाही, आणि मग दोन वाट्या खातो. कब्रस्तानात रात्रभर दिवे, अगरबत्त्या, फुलांच्या चादरी, बाहेर रस्त्यावर ट्रिपल सीट बाईक घुमवणारी पोरं. तर त्या कीन्याच्या भीतीनं लोक संध्याकाळीच सगळ्यांशी हिशोब मिटवून टाकतात. एका क्लिकमध्ये, अडीचशे लोकांशी.

माझी तक्रार एवढीच आहे की ज्याचं खरोखर दिल दुखावलंय त्याला वेगळा फोन जात नाही. त्याला पण तोच गुलाब.

खरं सांगायचं तर अल्लाहच्या बाजूनं बघितलं तर तौबा, म्हणजे पस्तावून अल्लाहकडे परत फिरणं, हे प्रकरण फार म्हणजे फारच सोपं आहे. कुरआनात सूरह जुमरमध्ये त्रेपन्नावी आयत आहे, तिचा मतलब असा की माझ्या बंद्यांनो, ज्यांनी स्वतःवरच ज्यादती केलीय, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, तो सगळे गुन्हे माफ करतो. सगळे. आमच्याकडे कुणी फार खचलेलं असलं की नानी हीच आयत सांगायची, अरबी तिला पूर्ण पाठ नव्हती, पण ‘ला तक़नतू’ एवढं ती असं ठासून म्हणायची की समोरच्याला अर्थ कळायची गरजच पडायची नाही. आणि ती उंटवाली हदीस, म्हणजे पैगंबरांचं सांगणं. माणूस वाळवंटात एकटा, उंट हरवलाय, खाणं-पाणी सगळं त्याच्यावरच लादलेलं, शोधून शोधून थकतो आणि आता मरायचंच म्हणून झाडाखाली आडवा होतो. बघतो तर उंट समोर उभा! लगाम पकडतो आणि आनंदानं इतका येडा होतो की म्हणतो, ‘या अल्लाह, तू माझा बंदा आणि मी तुझा रब.’ बंदा तौबा करतो तेव्हा अल्लाहला या माणसापेक्षाही जास्त आनंद होतो, असं पैगंबर मुहम्मद (स.) सांगतात. या हदीसीतलं मला सगळ्यात काय आवडतं तर त्या माणसाची ती जीभ घसरलेली तशीच्या तशी ठेवलीय. कुणी सुधारून घेतली नाही. चौदाशे वर्षं मुहद्दिस, म्हणजे हदीसचे अभ्यासक लोक, ती चूक जशीच्या तशी पुढच्यांना शिकवतायत.

शिवाय मध्ये कुणी नाही. मौलाना नाही, पीर नाही, पडद्याआड बसून ऐकणारा कुणी नाही. उलट आपला गुन्हा दुसऱ्याला सांगत सुटणं हेच वाईट मानलंय. माझी सगळी उम्मत, म्हणजे मला मानणारे सगळे, माफीला पात्र आहेत, जाहीर करणारे सोडून, अशी बुखारीच्या संग्रहातली हदीस आहे. रात्री माणूस काहीतरी करतो, अल्लाह त्यावर पडदा टाकतो, आणि सकाळी हाच उठून मित्राला सांगतो की काल मी असं असं केलं. आजच्या स्टेटस आणि पॉडकास्टच्या जमान्यात हे ऐकून मला फार बरं वाटतं. वजू करा, दोन रकात पढा, झालेल्याची लाज वाटू द्या, ते सोडा, परत न करायचं मनाशी ठरवा. झालं. परत घसरलात तर परत या. फक्त शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. इजिप्तचा बादशहा फिरऔन बुडताना म्हणाला आता ईमान आणतो, तर त्याला उत्तर मिळालं, आत्ता?

लहानपणी भवानी पेठेत आम्ही संध्याकाळी एका आपांकडे कुरआन शिकायला जायचो. त्यांनी एकदा त्या शंभर खून करणाऱ्याची गोष्ट सांगितली. बहुतेकांना माहीत असेल. बनी इस्राईलमधल्या एकानं नव्व्याण्णव माणसं मारली, मग एका राहिबाला, म्हणजे संन्याशाला, जाऊन विचारलं की माझी तौबा होईल का, तो म्हणाला नाही, तर त्याला पण मारून शंभर पूर्ण केले. मग एका आलिमाला विचारलं. तो म्हणाला तुझ्या आणि तौबाच्या मध्ये कोण येऊ शकतं, पण तुझं गाव सोड, अमुक गावात चांगली माणसं आहेत तिकडे जा. हा वाटेतच मेला. याला कुणी न्यायचं यावरून फरिश्ते भांडायला लागले, शेवटी जमीन मोजली, तर वीतभर त्या चांगल्या गावाच्या जवळ निघाला. माफ.

आम्ही सगळे खूष, आणि एक मुलगी होती आमच्यात, कायम नाक वाहणारी, तिनं विचारलं, ‘आपा, और वो सौ लोगों के घरवाले?’

आपा चिडतील असं वाटलं होतं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की अल्लाह त्यांना स्वतःकडून देईल, इतकं देईल की ते राजी होतील. पुढे मोठी झाल्यावर कळलं की हदीसीच्या टीकाकारांनीही हेच उत्तर दिलंय, म्हणजे हा प्रश्न जुन्या लोकांनाही पडला होता. पण आपांनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त लक्षात आहे. ‘वो अल्लाह का मामला है. तुम किसी का पेन्सिल लिए तो पेन्सिल वापस करने का.’

म्हणजे दोन खाती आहेत. एक अल्लाहचं, हुकूकुल्लाह, नमाज-रोजा वगैरे, तिथं तो मालक आहे, सोडेल. दुसरं बंद्यांचं, हुकूकुल-इबाद. तिथं आलिम लोक तौबाच्या तीन अटींना चौथी जोडतात, ज्याचं घेतलंय त्याला परत करा, किंवा त्याच्याकडून माफ करून घ्या. एकदा हुजूरनी, म्हणजे पैगंबरांनी, विचारलं, मुफलिस कोण माहितीये का? लोक म्हणाले ज्याच्याकडे दिरहम नाही, सामान नाही तो. हुजूर म्हणाले, नाही, माझ्या उम्मतीतला मुफलिस तो जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण याला शिवी दिलेली, त्याच्यावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याची नेकी यांना वाटली जाईल, आणि ती संपली की त्यांची पापं उचलून याच्या अंगावर. शहीद माणसाचंही सगळं माफ होतं पण कर्ज नाही, ही सहीह मुस्लिममधली हदीस. हे ऐकून घाम फुटतो राव. आणि तरी आपण गुलाब फॉरवर्ड करतो.

हज्जला जाणारे लोक हे जास्त गंभीरपणे घेतात. हज्ज नीट झाला तर माणूस आईच्या पोटातून आत्ताच आल्यासारखा कोरा होऊन परततो असं आहे, त्यामुळे निघण्याआधी ‘कहा-सुना माफ करना’ म्हणत सगळ्यांच्या घरी जायची पद्धत आहे. बहुतेक जण नातेवाइकांकडे जातात, चहा-सरबत होतं, गळाभेट होते, सगळे म्हणतात अरे काही नाही काही नाही, आणि दुआ में याद रखना. माझ्या मोठ्या मामूचं नाव हज कमिटीच्या सोडतीत लागलं तेव्हा मला वाटलं असंच काहीतरी असेल. पण मामू टेलर. कॅम्पात एका बोळात त्यांचं दुकान, जेन्ट्स टेलर, एके काळी सफारीसाठी लोक लांबून यायचे. आणि मामूच्या डोक्यात कपडा बसला.

म्हणजे असं की गिऱ्हाईक अडीच-तीन मीटर कापड आणून देतं, नीट बेतलं तर त्यातून थोडं उरतं. ती कात्रणं. काही वीतभर, काही चांगली पाऊण मीटर. आमच्या सगळ्या घरात उशांचे अभ्रे, पिशव्या, पोरांच्या चड्ड्या कुणाच्या ना कुणाच्या सूटच्या होत्या. नानीनं एक गोधडी शिवलेली, तिच्यात मधोमध करड्या सफारीचे चौकोन, कडेनं निळी टेरीकॉट, आणि एका कोपऱ्यात शेरवानीचं मलई रंगाचं कापड, त्यावर आम्ही सगळी भावंडं लहानपणी कोण झोपणार म्हणून भांडायचो. मामूनी मौलानांना विचारलं. ते म्हणाले बारीक-सारीक तुकडे गिऱ्हाईक परत मागत नाही, तसा रिवाज आहे, ते चालतं, मोठा तुकडा मात्र गिऱ्हाइकाचा. मामू घरी येऊन म्हणाले, ‘छोटा कोनसा और बडा कोनसा, वो तो मैंच ठहराता था ना.’

मग त्यांनी मापाच्या जुन्या वह्या काढल्या. नाव, कंबर, सीट, मांडी, लांबी. कित्येक नावांपुढे पत्ता नाही, कित्येक माणसं वारलेली. ज्यांचा पत्ताच नाही त्यांच्या नावानं अंदाजे रक्कम सदका, म्हणजे दान, करायची, हा मार्ग मौलानांनी सांगितला होता. पण ज्यांचे लागले त्यांच्याकडे मामूंना स्वतः जायचं होतं. आणि माझ्याकडे अॅक्टिव्हा. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मामू मागे, हातात वही, असं आम्ही रास्ता पेठ, नाना पेठ, सदाशिव पेठ करत फिरलो.

लोकांना काही कळायचंच नाही हो. टेलर दारात उभा, म्हणतोय तुमचं कापड माझ्याकडे राहिलंय, माफ करा किंवा पैसे सांगा. एक काकू म्हणाल्या, ‘मास्तर, अहो ते गेले, तुम्ही शिवलेली पँट मात्र अजून आहे, माझा नातू घालतो कॉलेजला, फॅशन आहे म्हणे परत.’ माफीचं राहिलंच, पोह्यांची प्लेट आली. रविवार पेठेतल्या कापडाच्या व्यापाऱ्याकडे गेलो, जुना दोस्त, मारवाडी जैन. तो हसला, म्हणाला आमच्यात संवत्सरीला हेच करतो आम्ही, मिच्छामि दुक्कडम. मनापासून मिठी मारली. मग ड्रॉवरमधून वही काढली आणि म्हणाला, ‘माफी वेगळी मास्तर, अस्तराचे चौदाशे बाकी आहेत.’ मामूनी तिथंच मोजून दिले आणि इतके खूष झाले की बाहेर आल्यावर मला मस्तानी पाजली. हुकूकुल-इबाद मला त्या चौदाशे रुपयांत जितकं समजलं तितकं कुठल्या बयानात समजलं नव्हतं.

सदाशिव पेठेतले एक रिटायर्ड गृहस्थ मात्र भेटले तसे भेटायला पाहिजेत सगळ्यांना. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, ‘कापडाचं सोडा, ते काही माझ्या लक्षात नाही. पण माझ्या साखरपुड्याचा कोट तुम्ही वेळेवर दिला नव्हता.’ आणि आत जाऊन अल्बम घेऊन आले. फोटोत ते, तरुण, भावाचा कोट घातलेला, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. शेजारी काकू नऊवारीत हसतायत. आत्ताच्या काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, ‘अहो, हज्जला चाललेत ते.’ तर हे म्हणाले, ‘म्हणून तर विचारतायत ना? मग खरं उत्तर नको द्यायला?’ मामू म्हणाले नवीन कोट शिवून देतो. ‘आता कोट घालून कुठं जाऊ? बघू. विचार करतो.’

विचार करतो! मला इतका राग आला, जिन्यावरून उतरताना मी पुटपुटत होते, आणि मामू एकदम शांत. म्हणाले, बाकीच्यांनी मला माफ केलं की चहा पाजून वाटेला लावलं ते मला माहीत नाही, या माणसानं निदान माझं म्हणणं ऐकलं. मामू हज्जला गेले तेव्हा त्या घरून होकार आलेला नव्हता. मौलानांनी सांगितलं, मागितली ना, भरपाई देऊ केलीत ना, आता पुढचं अल्लाहवर सोडा.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपण माफीबद्दल बोलताना कायम मागणाऱ्याचंच बोलतो. त्याचे अश्रू, त्याची नदामत, त्याचं ओझं. ज्याच्याकडे मागतो त्याला फक्त एक डायलॉग ठेवलाय, ‘माफ किया.’ आणि तो त्यानं पटकन म्हणावा म्हणून सगळे भोवती उभे. त्यातून देणारी बाई असली तर विचारायलाच नको.

आमच्याकडे अजूनही कित्येक घरांत मय्यतीच्या वेळी हा प्रकार चालतो. जनाजा उचलायची वेळ झालेली असते, पुरुष बाहेर थांबलेले, आणि बायका त्या बेवेला धरून नवऱ्याच्या चेहऱ्यापाशी आणतात, कुणीतरी म्हणतं, ‘मेहर माफ किया बोल.’ मेहर म्हणजे लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, ती त्यानं आयुष्यभर दिलेली नसते. निकाहनाम्यात रक्कम लिहिलेली असते, पण ती मागणं म्हणजे भांडण काढणं असं समजतात, त्यामुळे ती तशीच राहते, आणि मग एकदम इथं, कफनापाशी, त्या बाईला अर्धवट शुद्ध असताना तिची आठवण होते सगळ्यांना. ती रडत रडत मान हलवते. संपलं, नवऱ्याची वाट मोकळी.

माझ्या खालूंचं, म्हणजे खालाच्या (मावशीच्या) नवऱ्याचं, झालं तेव्हा मी तिथंच होते. खोलीत कापूर आणि गुलाबपाण्याचा वास, पंखा बंद केलेला, खालाचा दुपट्टा कुणीतरी दोनदा डोक्यावर सारखा केला. शेजारची एक म्हातारी, चांगल्या मनाची होती बिचारी, खालाच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘बोल बेटा, मेहर माफ किया.’ खाला गप्प. परत म्हणाली. खाला गप्पच. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा खालानं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात, भाजीवाल्याला भाव विचारावा तशी, म्हणाली, ‘कर्जा है ना वो? तो अदा करो उनके पैसों में से. माफ कायको करना?’

पाचशे एक रुपये होता मेहर. त्या काळी लग्न झालं तेव्हा ठीक असेल, आता त्यात धड चप्पल येत नाही. सगळ्या बायका हबकल्या, एकीनं तर पाचशे एकसाठी म्हणून तोंड वाकडं केलं. आणि खाला शंभर टक्के बरोबर होती! कुरआनात सूरह निसामध्ये वारसाचे हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा म्हटलंय की आधी वसीयत आणि कर्ज, मग वाटणी. न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्जच, आपली कोर्टंही तसंच मानतात. म्हणजे मेलेल्या माणसाची सुटका करायचा सरळ रस्ता उपलब्ध आहे, त्याच्या पैशातून द्या. त्याच सूरहमध्ये असंही आहे की बायकांना त्यांचा मेहर खुशीनं द्या, आणि त्यांनी स्वतः राजीखुशीनं त्यातलं काही सोडलं तर ते तुम्ही खा. राजीखुशीनं. कफनापाशी वीस बायकांच्या गराड्यात कुठली राजी आणि कुठली खुशी?

हुजूर एखाद्या जनाज्यापुढे उभे राहायचे तेव्हा विचारायचे की याच्यावर कर्ज आहे का. एकदा लोक हो म्हणाले, तर हुजूर म्हणाले तुम्हीच पढा नमाज. मग त्यांचे एक साथी अबू कतादा पुढे आले, म्हणाले याचं कर्ज माझ्याकडे लागलं, तेव्हा हुजूरनी पढवली. त्या सावकाराला बोलावून माफ केलं म्हण, असं तिथं कुणी म्हटलेलं नाही. खालाच्या मोठ्या मुलानं दफन करून आल्यावर संध्याकाळी अम्मीच्या हातात पाचशे एक ठेवले. अरे माझ्या हातात काय देतोस, तिच्या दे, म्हणून अम्मीनं त्याला परत पाठवला.

कुणी म्हणेल, माफ करणं ही मोठी गोष्ट आहे, तुम्ही असं का बोलताय. आहेच मोठी. हुजूरांच्या पत्नी हजरत आयेशांवर आळ घेतला गेला, तो पसरवणाऱ्यांत मिस्तह होता, अबू बक्र यांचा गरीब नातेवाईक, त्यांच्याच मदतीवर जगणारा. अबू बक्र यांच्या स्वतःच्या मुलीवर असं बोललेला माणूस. अबू बक्र यांनी शपथ घेतली की याला आता एक दमडी देणार नाही. त्यावर सूरह नूरची आयत उतरली, माफ करा, दुर्लक्ष करा, अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला नाही का वाटत? अबू बक्र म्हणाले का नाही, वाटतं, आणि मदत पुन्हा सुरू केली. यावर खुतबे, म्हणजे मशिदीतली प्रवचनं, भरपूर होतात.

वहशीवर कमी होतात. वहशी म्हणजे ज्यानं उहुदच्या लढाईत, सन ६२५ मध्ये, हुजूरांचे काका हमजा यांना भाला फेकून मारलं. गुलाम होता, हमजांना मारलंस तर तू आझाद असा सौदा होता मालकाशी. पुढे मक्का फतेह झाल्यावर ताइफला पळाला, आणि शेवटी मदिन्यात येऊन त्यानं इस्लाम कबूल केला. आता इस्लाम कबूल केला की मागचं सगळं साफ, त्यामुळे बदला वगैरे प्रश्नच नाही. हुजूरनी विचारलं, तूच वहशी? हमजांना तूच मारलंस? आणि मग म्हणाले, तुला माझ्यासमोर चेहरा न आणणं जमेल का?

मी ही हदीस पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्यांच्या दयेच्या गोष्टी आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो त्यांनाही काकांच्या मारेकऱ्याचं तोंड बघवेना, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्याला धुडकावलं नाही, शिक्षा केली नाही, त्याचा ईमान नाकारला नाही. फक्त समोर येऊ नकोस. मला वाटतं आपल्याकडे ‘आता झालं ना, मिटलं ना, मग गळ्यात पड’ म्हणणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला हा प्रसंग एकदा वाचायला द्यावा. वहशीनंही ते मानलं, निघून गेला, आणि पुढे यमामाच्या लढाईत त्याच भाल्यानं त्यानं खोटा नबी मुसैलिमाला मारलं.

बहिणींच्या हिश्श्याचं पण मेहरसारखंच आहे, फक्त रक्कम मोठी. बाप गेला की बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात, हे काही फक्त आमच्यात नाही, महाराष्ट्रात कुठल्याही रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर जाऊन बघा. फरक एवढाच की आमच्यात भाऊ त्याला दीनी रंग देतो, ‘बहनों ने माफ कर दिया.’ नाही सोडलं तर माहेर तुटतं, ईदीला कुणी दार उघडत नाही. ज्या सूरहमध्ये बहिणीचा हिस्सा ठरवून दिलाय तिथंच पुढे म्हटलंय की या अल्लाहनं आखलेल्या हद्दी आहेत आणि ओलांडणाऱ्याला आग आहे. भावाच्या निम्मा का, यावर माझे आणि माझ्या भावाचे वाद वेगळे आहेत, ते परत कधीतरी. पण तो निम्मा तरी कुठं मिळतो?

आमचं भवानी पेठेतलं दादांचं, म्हणजे अब्बांच्या वडिलांचं, घर विकलं गेलं तेव्हा दादी आधीच वारलेली होती, त्यामुळे हिशोब सोपा होता. अब्बा आणि चाचा दोन भाऊ, दोन फुफू (आत्या), म्हणजे एकूण सहा हिस्से, भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. चाचा म्हणाले त्या दोघींनी तर केव्हाच माफ केलंय. आणि केलं होतं, म्हणजे म्हणायच्या तरी तसं. थोरली फुफू प्रत्येक ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणायची, मला काय करायचंय, माझे भाऊ सुखात राहोत, मेरी तरफ से सब माफ. अब्बांना पण ते ऐकून बरं वाटायचं, मी बघितलंय. पण मामूबरोबर उठबस असल्यामुळे म्हणा किंवा हज्जचे विचार त्यांच्याही मनात यायला लागल्यामुळे म्हणा, ते जाऊन मौलानांना विचारून आले. मौलाना म्हणाले, आधी हिस्सा त्यांच्या हातात द्या. पूर्ण ताब्यात द्या. मग ज्याचा माल आहे तो स्वतःहून परत देत असेल तर घ्या. हातात न देताच माफ झालं म्हणणं, याला मी तरी हो म्हणणार नाही.

चाचांना हे फॉर्मॅलिटी वाटली. चला, चेक देऊ, त्या परत देतील, सगळं शरीयतप्रमाणे होईल. रविवारी दोघं भाऊ थोरल्या फुफूकडे गेले, धाकटीलाही तिथंच बोलावलं होतं, मी गाडी चालवायला. अब्बांनी दोन पाकिटं दिली. थोरल्या फुफूनं चष्मा लावला, आकडा वाचला, मग अक्षरी रक्कम पण वाचली, पुटपुटत, एकेक शब्द. चेक परत पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये घातलं, पर्सची चेन लावली आणि म्हणाली, ‘बैठो, चाय रखती हूं.’ धाकटीनं पाकीट उघडलंच नाही, सरळ दुपट्ट्याखाली.

चाचा चहा होईपर्यंत वाट बघत होते. चहा झाल्यावर पण बघत होते. जिन्यात मला म्हणाले, ‘ये तो बोलती थी ना माफ है?’ अब्बा हसले नाहीत, पण गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःहून रेडिओ लावला, जो ते कधी लावत नाहीत.

थोरल्या फुफूनं त्या पैशातून आधी दात बसवून घेतले, उरलेल्याची एफडी केली. ईदला ती अजूनही येते, शीरखुर्मा खाते, फक्त ते माफचं वाक्य आता म्हणत नाही. धाकटीनं काय केलं ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही, चाचा अजून विचारत असतात.